कंटेनर बनवणाऱ्या कंपनीचा ताळेबंद: आमच्या गावात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये मी हिशेब लिहितो. मार्चनंतर गाड्या कमी होतात आणि टेबलासमोरच्या बाकावर पाहुणे वाढतात. गावातल्या पोरांनी मोबाइलवर डिमॅट खाती उघडल्यापासून हे पाहुणे रुईचा भाव सोडून शेअरचंच विचारतात. मध्यंतरी कुठल्याशा ग्रुपवर मेसेज फिरला: ‘जगातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर कंपनीची विक्री पाचपट!’ ती कंपनी म्हणजे चीनची सीआयएमसी. मग महिनाभर दुसरा विषयच नाही. प्रत्येकाला तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाचं लिहून काढलं. प्रश्न ज्याने जसा विचारला तसाच ठेवला आहे.

भाऊ, कंटेनरवाली कंपनी म्हणजे ट्रेलरवालीच ना?

नाही. या धंद्यात तीन वेगळी माणसं आहेत. एक जण लोखंडी डबा बनवतो. दुसरा तो विकत घेऊन भाड्याने देतो. तिसरा त्यात माल भरून जहाजाने नेतो. आपण बोलतोय ते पहिल्याबद्दल.

आपल्या भाषेत सांगायचं तर कंटेनर म्हणजे जगाचा बारदाना. 2017 साली तुरीची सरकारी खरेदी बारदाना नाही म्हणून ठिकठिकाणी अडली होती, आठवतं? पोती ही एरवी कुणाच्या खिजगणतीत नसणारी वस्तू. पण ती संपली की तूर यार्डात पडून, गाडीवाला दारात आणि चुकारा लांबणीवर. कंटेनर बनवणाऱ्याचा धंदा अगदी असाच चालतो. चार वर्षं कुणी विचारत नाही आणि एक वर्ष सगळे पाय धरतात.

त्या डब्यात असं काय आहे? लोखंडी पेटीच तर आहे.

पेटीच आहे. वीस फुटी डब्याचं रिकामं वजन सव्वादोन टनांच्या आसपास, आणि मालासकट जास्तीत जास्त 30,480 किलो. पत्रा कॉर्टेन पोलादाचा, म्हणजे वरवर गंजून आतलं लोखंड वाचवणारा. तळाला 28 मिलिमीटरची प्लायवूड. कोपऱ्यांना ओतीव आठ तुकडे, क्रेन तिथेच धरते. मापं जगभर एकच, म्हणून शांघायचा डबा नागपुरात रेल्वेच्या वाघिणीवर बिनबोभाट बसतो. मोजायचं एकक ‘टीईयू’: वीस फुटी डबा म्हणजे एक, चाळीस फुटी म्हणजे दोन.

हे सगळं सुरू झालं 26 एप्रिल 1956 ला. माल्कम मॅकलीन नावाच्या अमेरिकन ट्रकवाल्याने ‘आयडियल एक्स’ या जहाजावर 58 डबे चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवले. ट्रकवाल्याच्या डोक्यातून निघालेली गोष्ट आहे, हे आमच्या गाडीवाल्यांना सांगितलं की ते फार खूश होतात.

ताळेबंद वाचणाऱ्याला यातलं एकच ध्यानात ठेवायचं आहे: डब्याच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा पोलादाचा. पोलाद महागलं की डबा महाग. त्यात गुपित तंत्रज्ञान फारसं नाही, त्यामुळे मनाला येईल तो भाव लावता येत नाही. टंचाईचं वर्ष तेवढं वेगळं.

बनवतं कोण?

चीन. जगातले नव्वद टक्क्यांहून कितीतरी जास्त डबे तिथेच बनतात. सर्वांत मोठी कंपनी चायना इंटरनॅशनल मरीन कंटेनर्स, म्हणजे सीआयएमसी. मुख्यालय शेन्झेन, स्थापना 1980. गंमत अशी की 1986 च्या मंदीत या कंपनीने डबे बनवणं जवळपास गुंडाळलंच होतं, आणि दहा वर्षांत, 1996 ला, तीच जगात पहिल्या नंबरवर आली. तिच्यामागे डोंग फांग, सीएक्सआयसी वगैरे. हाँगकाँगच्या सिंगामासने तर 2019 ला आपले बरेचसे कारखाने चीनच्या कॉस्को समूहाला विकून टाकले.

म्हणजे तीन-चार कारखानदार आणि समोर मूठभर मोठे गिऱ्हाईक: मर्स्क, एमएससी यांच्यासारख्या जहाज कंपन्या आणि ट्रायटन, टेक्सटेनर यांच्यासारखे भाड्याने देणारे.

आकडे सांगा. नफा किती?

सीआयएमसीचे चार वर्षांचे आकडे सांगतो. रक्कम युआनमध्ये. त्या वर्षांत एक युआन बारा रुपयांच्या आसपास होता, तेवढाच धरून चाला.

2021: विक्री 16,370 कोटी, निव्वळ नफा 667 कोटी.
2022: विक्री 14,154 कोटी, नफा 322 कोटी.
2023: विक्री 12,781 कोटी, नफा 42 कोटी.
2024: विक्री 17,766 कोटी, नफा 297 कोटी.

2023 ची ओळ पुन्हा वाचा. शंभर रुपयांच्या विक्रीमागे हाती राहिले तेहेतीस पैसे. आमच्या जिनिंगचा मालक ही ओळ पाहून म्हणाला, ‘एवढ्यात तर हमालीही सुटत नाही.’ आणि ही जगातली पहिल्या नंबरची कंपनी बरं का, गल्लीतली नव्हे.

सगळ्यात चांगल्या वर्षीही, 2021 ला, शंभरामागे चारच रुपये सुटले. पोरांनी वाचलेल्या ‘दोन लाख कोटींची उलाढाल’ या मथळ्यामागे एवढा पातळ नफा आहे. उलाढाल मोठी म्हणून कंपनी श्रीमंत, हे गणित आपण निदान करू नये. हंगामात आपल्या अडत्याच्या हातूनही कोट्यवधी रुपये फिरतात.

पण विक्री पाचपट झाली हे तर खरं आहे ना?

खरं आहे, आणि म्हणूनच घोळ होतो.

2023 ला कंपनीने साधे कोरडे डबे (म्हणजे आत थंड ठेवायची सोय नसलेले) विकले साडेसहा लाख टीईयूच्या थोडे वर. 2024 ला चौतीस लाखांच्या वर. झाले पाचपट. पण त्याच्या आधीची वर्षंही बघा: 2021 ला पंचवीस लाख, 2022 ला अकरा लाख. म्हणजे ही वाढ खड्ड्यातून वर येण्याची आहे. दुष्काळात एकरी एक क्विंटल पिकलं आणि पुढच्या वर्षी पाच, तर वावर पाचपट झालं असं कुणी म्हणत नाही.

आता यातला खरा मुद्दा, इथे मी सगळ्यांना थांबवतो. 2024 ला डबे 2021 पेक्षा एक तृतीयांशाहून जास्त विकले. आणि डब्यांच्या धंद्याची एकूण विक्री? 2021 ला जवळपास 6,600 कोटी युआन, 2024 ला सुमारे 6,220 कोटी. माल जास्त गेला आणि पैसे कमी आले. कारण भाव. 2021 च्या मध्यावर वीस फुटी डबा साडेतीन हजार डॉलरच्या वर गेला होता. एरवी तो दोन हजारांच्या आसपास असतो आणि 2024 मध्ये पुन्हा तिथेच घुटमळत होता.

तेव्हा नग वेगळे वाचा आणि भाव वेगळा वाचा. मेसेजमध्ये दोन्ही मिळून एकच टक्केवारी टाकलेली असते. आपण मात्र कापसाचं विचारताना ‘किती क्विंटल’ आणि ‘काय भाव’ हे दोन प्रश्न वेगळे विचारतो. शेअरच्या बाबतीत ते कसे काय विसरतो, कोण जाणे.

2021 ला असं काय झालं होतं?

करोना. पश्चिमेकडचे लोक घरी बसून वस्तू मागवत राहिले, तिकडची बंदरं तुंबली आणि भरून गेलेले डबे परत येईनात. त्यातच मार्चमध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवं पडलं. जगात डबे होते, पण जिथे लागत होते तिथे नव्हते. म्हणून सगळ्यांनी नवे मागवले. त्या वर्षी जगभरात सत्तर लाख टीईयूच्या घरात डबे बनले.

मग बंदरं मोकळी झाली आणि सगळे डबे एकदम परत आले. 2022 च्या उत्तरार्धापासून नव्या डब्याला गिऱ्हाईक मिळेना.

हे आपण जवळून पाहिलेलं आहे. 2021-22 ला कापूस दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात ‘दहा हजार येतीलच’ म्हणून लोकांनी घराघरांत कापूस भरून ठेवला, ओसरीपासून माळ्यापर्यंत. लेकरांच्या अंगाला खाज सुटली, पण भाव दहा हजार काही गाठेना, उलट सात-आठ हजारांवर उतरला. डबे घेणाऱ्या कंपन्यांनी नेमकं हेच केलं. शिकलेली, टाय लावलेली माणसं होती, म्हणून काही वेगळं घडलं नाही.

मग 2024 ला पुन्हा उठाव कसा?

2023 च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला. तोच माल न्यायला जास्त जहाजं, जास्त डबे लागले. आणि 2021 ला हात पोळलेल्यांनी या वेळी आधीच मागणी नोंदवली. त्या वर्षी जगात ऐंशी लाख टीईयूच्या आसपास डबे बनले, 2021 चाही उच्चांक मोडून.

म्हणजे माल तेवढाच, रस्ता लांबला. जगाचा व्यापार फुगला म्हणून ही मागणी आलेली नव्हती. पुढच्या प्रश्नाचं उत्तर याच्यावरच अवलंबून आहे.

पुढे काय? वर जाईल की खाली?

मला विचाराल तर पुढच्या दोन-तीन वर्षांबद्दल मी सावध आहे.

रस्ता लांबला म्हणून मागणी वाढली, तर रस्ता आखूड झाल्यावर ती कमी होणार. जहाजं पूर्णपणे सुएझमधून जाऊ लागली की वळशात अडकलेले डबे मोकळे होतील आणि नवे घ्यायची गरज उरणार नाही. डब्याचं समुद्रावरचं आयुष्य बारा-पंधरा वर्षांचं असतं. 2021 आणि 2024 ला बनलेले दीड कोटीच्या आसपास टीईयू डबे अजून तरणेताठे आहेत, ते इतक्यात भंगारात जात नाहीत. शिवाय 2025 ला अमेरिकेने आयात कराचा जो खेळ मांडला, त्यात कधी कर लागण्याआधी माल घाईघाईने भरला गेला, कधी सगळंच थंड पडलं. अशा वातावरणात डब्याची ऑर्डर एका तिमाहीत दुप्पट आणि पुढच्या तिमाहीत निम्मी होऊ शकते.

उलट बाजूही सांगतो. जगातल्या पाच कोटींहून जास्त टीईयू डब्यांपैकी काही दरवर्षी म्हातारे होतातच, त्यामुळे बदलीची मागणी कधी शून्यावर येत नाही. जहाज कंपन्यांनी नवी जहाजंही खूप मागवली आहेत, त्यांना सोबत डबे लागतील. आणि कारखानदार मोजकेच असल्याने मंदीत ते पाळ्या कमी करून भाव सावरू शकतात. भाव एका मर्यादेच्या खाली फार काळ राहत नाही, कारण तिथे पोलादाचाच खर्च आडवा येतो.

ही कंपनी फक्त डबेच करते का?

नाही, 2024 ला डब्यांचा वाटा एकूण विक्रीच्या साधारण 35 टक्केच होता. बाकी ट्रेलर, गॅस-रसायनांच्या टाक्या, मालवाहतूक सेवा आणि समुद्रात तेल काढण्याची अवजड यंत्रं. शेवटच्या धंद्याने अनेक वर्षं पैसा खाल्ला. 2021 ला एकट्या डब्यांनी जितकं कमावलं, त्यातला बराच भाग इतर धंद्यांनी गिळला. घरात एक भाऊ कमावता आणि बाकीचे त्याच्यावर, तसं. 2024 ला तेलाचा धंदा नफ्यात आला, हे मात्र मान्य केलं पाहिजे.

पीई कमी असला की शेअर स्वस्त, असं यूट्यूबवर सांगतात. ते खरं ना?

पीई म्हणजे शेअरचा भाव एका शेअरमागच्या नफ्याच्या किती पट आहे तो आकडा. किराणा-साबण बनवणाऱ्या कंपनीत हे बहुतेक वेळा चालेल. इथे उलटं आहे. भरभराटीच्या वर्षी नफा फुगतो म्हणून पीई कमी दिसतो, आणि नेमकं त्यानंतरच पडझड येते. मंदीत नफा 42 कोटींवर आला की पीई आभाळाला भिडतो आणि शेअर महाग वाटतो. दहा हजारांचा भाव आलेल्या वर्षाचं उत्पन्न धरून वावराची किंमत ठरवली तर जो फसेल, तोच इथेही फसेल. निदान सात-आठ वर्षांचा नफा मिळवा, त्याची सरासरी काढा, मग बोला.

तो शेअर आपल्या डिमॅटमध्ये घेता येतो?

नाही. तो शेन्झेन आणि हाँगकाँगच्या बाजारात आहे, आपल्या मुंबईच्या एक्स्चेंजवर नाही. परदेशी खातं, रिझर्व्ह बँकेचे नियम, कराची वेगळी भानगड. पीककर्ज घेऊन हे करायला निघालेल्या एकाला मी बाकावरून उठवून घरी पाठवलं आहे.

‘एक कंटेनर विकत घ्या, आम्ही भाड्याने लावतो, दरमहा पैसे’ अशी स्कीम आली आहे. घेऊ?

नको. हे मी जोरात लिहितो आहे.

जर्मनीत पीअँडआर नावाचा समूह होता. म्युनिकजवळच्या या कंपनीने वर्षानुवर्षं सामान्य लोकांना कंटेनर विकले. सांगायचं असं, की डबा तुमच्या नावाचा, आम्ही भाड्याने देऊ, तुम्हाला ठरलेली रक्कम मिळेल आणि मुदतीनंतर डबा आम्हीच परत घेऊ. बरीच वर्षं पैसे वेळेवर आले. 2018 च्या मार्चमध्ये समूह दिवाळखोरीत निघाला. सुमारे 54,000 गुंतवणूकदार, साडेतीन अब्ज युरो. मोजणी झाली तेव्हा कळलं की विकलेल्या सोळा लाख डब्यांपैकी दहा लाख अस्तित्वातच नव्हते. नव्यांच्या पैशातून जुन्यांना भाडं दिलं जात होतं.

जर्मन माणूस, कायद्याचा देश, आणि लोखंडाची वस्तू जी मोजता येते. तरी दहा लाख डबे हवेत होते. आपल्याकडे सागाच्या झाडांच्या योजनांत पैसे घालून बसलेले म्हातारे अजून आहेत. माझ्या मामाकडे झाडाच्या फोटोसह छापलेलं प्रमाणपत्र आहे, झाड मात्र कुणी पाहिलं नाही.

भारतात का बनत नाहीत हे डबे?

बनतात, पण थोडे, आणि चीनपेक्षा महाग. कोलकात्याची सरकारी ब्रेथवेट कंपनी बनवते. गुजरातेत भावनगरलाही कारखाने उभे राहिले. रेल्वेच्या कॉनकॉर या कंटेनर वाहतूक कंपनीने देशी डब्यांच्या ऑर्डरी दिल्या. अडचण अशी की चीनचा कारखाना लाखांनी काढतो, आपला हजारांनी. तेवढ्या कमी संख्येला कॉर्टेन पत्रा आणि कोपऱ्यांचे तुकडे स्वस्त पडत नाहीत. 2026-27 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कंटेनर निर्मितीसाठी पाच वर्षांत 10,000 कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. पैशाने कारखाना उभा राहील, पण मंदीच्या वर्षी तो चालू ठेवायला पक्कं गिऱ्हाईक लागेल. मंदीत सीआयएमसीला तेहेतीस पैसे सुटतात, तिथे नव्या माणसाचं काय होईल, हे योजनेच्या कागदात कुठे लिहिलं आहे ते मला पाहायचं आहे.

आपल्या विदर्भाला याचं काय देणंघेणं?

कापूस गाठींना आहे, तांदळाला आहे. संत्र्याला तेवढं नाही. तो बांगलादेशला ट्रकने जायचा, आणि त्यांनी आयात शुल्क वाढवत नेल्याने तोही मार खातो.

आपली अडचण रिकाम्या डब्याची आहे. बंदर न्हावा शेवाचं, रेल्वेने आठशे किलोमीटरच्या आसपास. जितका माल बाहेर जायचा तितका भरलेला डबा इकडे येत नसेल, तर तिकडून रिकामा ओढून आणावा लागतो आणि त्याचं भाडं शेवटी गाठीवर बसतं. 2021 ला आमच्या गाठी तयार, गिऱ्हाइकाच्या बँकेची पत (पैशाची हमी) उघडलेली, आणि जहाज कंपनीचा एजंट रोज ‘उद्या’ म्हणायचा. सोळा दिवस तो उद्या चालला. गोदामभाडं आम्हीच भरलं आणि मालकाने राग माझ्यावर काढला, जसे काही डबे मीच लपवून ठेवले होते.

समृद्धी महामार्ग 2025 च्या जूनमध्ये पूर्ण सुरू झाला. सिंदी रेल्वेच्या ड्राय पोर्टचं (समुद्रापासून दूर, डबे भरण्या-पाठवण्याचं ठिकाण) आपण 2017 पासून ऐकतो आहोत. वाढवणचं बंदर व्हायला अवकाश आहे. रस्त्याने वेळ वाचेल, हे खरं. पण डब्याची टंचाई आली की ती सर्वांत आधी बंदरापासून दूर असलेल्यालाच लागते. म्हणून शेअर घ्या किंवा नका घेऊ, डब्याचा भाव वर जाताना दिसला की निर्यातीचे सौदे करताना वाहतुकीचा दर आधी पक्का करून घ्या.

शेवटचं. जुना डबा वावरात खोली म्हणून ठेवायला घ्यावा का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त जण विचारतात, आणि सगळ्यात शहाणाही हाच आहे. नवा डबा स्वस्त असतो तेव्हा जुनाही स्वस्त मिळतो, त्यामुळे मंदीतच घ्या. दारावरची लोखंडी पाटी वाचा, त्यावर बनल्याची तारीख असते. आत उभे राहून दार लावून घ्यायला सांगा. कुठून उजेड आला तर तिथून पाणीही येईल. तळाच्या प्लायवूडला किडीसाठी औषध मारलेलं असतं, म्हणून धान्य थेट खाली टाकू नका, फळ्या टाकून वर ठेवा. आधी पांढरा रंग द्या आणि वर टिनाची सावली करा, नाहीतर मे महिन्यात आत पाय ठेवता येणार नाही. ट्रेलर वावरापर्यंत येतो का, वळतो का, आणि उतरवायला क्रेन कुठून आणायची, हे इसार देण्याआधी बघा. आमच्या शेजारच्या गावात एकाचा डबा पांदण रस्त्यावर रुतला, तो दोन वर्षं तिथेच आहे. आता त्याला लोक बसस्टॉप म्हणतात.